दुपारी नळाला येणारं पाणी: एका सोसायटीची बोअर शहराच्या लाइनीत कशी शिरली

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका महापालिकेच्या हद्दीतलं आहे. जागा आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. मी इमारतींची पाणी-ड्रेनेजची कामं पाहणारा इंजिनिअर. सोसायटीने मला बोलावलं तेव्हा गडबड सुरू होऊन नऊ दिवस झाले होते. त्याआधीचा भाग कागद चाळून आणि दोन्ही बाजूंच्या लोकांशी बोलून जुळवला आहे.

पार्श्वभूमी

रस्ता उताराचा. वरच्या अंगाला ८४ फ्लॅटची सोसायटी, खालच्या अंगाला गल्लीत २२ घरं, बहुतेक बैठी. दोघांनाही महापालिकेच्या एकाच १०० मिमी लाइनीतून पाणी मिळतं. ही लाइन गल्लीच्या टोकाशी संपते, पुढे कुठे जोडलेली नाही. व्हॉल्व्हमन पहाटे साडेपाचला पाणी सोडतो, आठला बंद करतो. म्हणजे दिवसातले अडीच तास लाइनीत दाब असतो, उरलेले साडेएकवीस तास ती रिकामी किंवा अर्धवट भरलेली पडून असते. पुढे जे घडलं त्याचं अर्धं कारण या एका आकड्यात आहे. लाइन चोवीस तास दाबाखाली असती तर बाहेरचं पाणी आत शिरायला फार क्वचित वाव मिळाला असता.

सोसायटीचं कनेक्शन दीड इंची. फाटकाजवळ मीटर, तिथून पाइप जमिनीखालच्या ४०,००० लिटरच्या टाकीत. गच्चीवर प्रत्येक विंगला दोन टाक्या, एक वापराच्या पाण्याची आणि एक फ्लशची. मागच्या बाजूला बोअर. मंजूर नकाशात बोअरचं पाणी फक्त फ्लश आणि बागेसाठी दाखवलेलं, त्याची लाइनही वेगळी. कागदावर सगळं ठीकठाक.

२०१९ च्या उन्हाळ्यात टंचाई आली. पाणी दिवसाआड झालं, टँकरचे दर चढले. कमिटीने प्लंबरला विचारलं, बोअरचं पाणी खालच्या टाकीत घेता येईल का? प्लंबरने अर्ध्या दिवसात करून दिलं. मीटर आणि टाकी यांच्यामधल्या पाइपात टी (तीन तोंडांचा जोड) टाकली, बोअरची लाइन तिला जोडली आणि दोन्हीकडे एकेक बॉल व्हॉल्व्ह बसवला. बोअर चालवायची तेव्हा कॉर्पोरेशनकडचा व्हॉल्व्ह बंद करायचा, पहाटे उलट करायचं. वॉचमनच्या केबिनमध्ये खडूने लिहूनही ठेवलं होतं. वेगळा पाइप टाकीपर्यंत नेला असता तर फरशी फोडावी लागली असती, म्हणून टी. त्या वर्षी पाऊस धो धो झाला, टंचाई सरली, टी मात्र जागेवर राहिली. पुढे केबिनला रंग दिला आणि खडूचं लिखाण गेलं.

अडचण

काही वर्षांनी, जूनच्या पहिल्या आठवड्यात गल्लीत उलट्या-जुलाब सुरू झाले. आठवडाभरात अकरा जण आजारी पडले, एका चार वर्षांच्या मुलाला दोन दिवस सलाइन लावावं लागलं. महापालिकेच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या लक्षात आलं की अकराही पत्ते एकाच गल्लीचे आहेत. त्यांनी पाणी खात्याला फोन केला. या प्रकरणात वेळेवर आणि बिनचूक झालेलं हे पहिलं काम.

दुसऱ्या दिवशी कर्मचारी सकाळी पावणेसातला येऊन ओटी घेऊन गेला. पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का ते पाहण्याची ही साधी चाचणी, औषधाचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो. रंग आला, ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या टोकाला किमान ०.२ लागतं, तेव्हा शेरा पडला, 'पाणी योग्य'. चूक चाचणीत नव्हती, घड्याळात होती. पावणेसातपर्यंत लाइनीतलं शिळं पाणी वाहून गेलेलं होतं आणि कर्मचारी धरणाचं ताजं पाणी तपासत होता.

खात्याने नेहमीचा संशय धरला: ड्रेनेजची गळती, पाण्याच्या जुन्या पाइपाला भोक. दोन ठिकाणी खड्डे खणले, काही सापडलं नाही. गल्लीतल्या बायका पहिल्यापासून वेगळंच सांगत होत्या, पण ते तक्रारीत कोणी लिहून घेतलं नव्हतं. 'पहिलं पाणी मचूळ लागतं', 'साबणाला फेस येत नाही', 'पहिल्या हंड्यातल्या पाण्यात डाळ शिजत नाही'. डाळ न शिजणं म्हणजे जड पाणी, आणि त्या शहराला धरणाचं पाणी येतं ते चांगलं मऊ. ही एक तक्रार कोणी मनावर घेतली असती तरी खड्डे वाचले असते.

आणखी एक गोष्ट गल्लीत सगळ्यांना माहीत होती आणि तिची तक्रार कोणीच केली नव्हती. अधूनमधून दुपारी दोन-तीनच्या सुमाराला नळाला बारीक धार यायची. वेळ नसताना पाणी येतंय म्हटल्यावर लोक बादल्या लावायचे. न मागता आलेल्या पाण्याची तक्रार कोण करणार?

शोध

आठव्या दिवशी नवीन रुजू झालेल्या कनिष्ठ अभियंत्याने पहाटे सव्वापाचला गल्लीत उभं राहून पहिल्या धारेपासून नमुने घेतले. सोबत चार-पाचशे रुपयांचं टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं मीटर होतं. पहिल्या पाच मिनिटांत टीडीएस ८६०, ओटी निल. बाराव्या मिनिटाला ३०० च्या आसपास. पंचविसाव्या मिनिटाला १२० आणि ओटीचा पिवळा रंग. टीडीएस जंतूंबद्दल काही सांगत नाही, पण हे पाणी धरणाचं नाही एवढं नक्की सांगतो. नंतर आलेल्या अहवालात पहिल्या नमुन्यात ई-कोलाय, म्हणजे मैल्यातले जंतू निघाले, तिसऱ्यात नाहीत. पिण्याच्या पाण्याचं मानक १०० मिलिलिटरमध्ये एकही ई-कोलाय चालवून घेत नाही.

साधा हिशेब करून पाहिला. सोसायटीच्या फाट्यापासून गल्लीच्या टोकापर्यंत लाइन १२० मीटर. १०० मिमीच्या एवढ्या पाइपात सुमारे ९४० लिटर पाणी मावतं. २२ घरांत वाटलं तर दर घरी चाळीसेक लिटर, म्हणजे पहिले दोन-तीन हंडे. आणि पहिले हंडे बहुतेक घरांत पिण्याचेच असतात. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या एक आजी पहिल्या दोन बादल्या तुळशीला आणि ओट्यावर ओततात, 'रात्रभर पाइपात बसलेलं पाणी प्यायचं नसतं' म्हणून. त्यांच्या घरी कोणी आजारी पडलं नव्हतं. एका घरावरून सिद्धांत मांडता येत नाही, पण नोंद केली.

नवव्या दिवशी मी आलो. सोसायटीच्या चेअरमनचं पहिलं वाक्य होतं, 'आमच्याकडे एकही माणूस आजारी नाही.' खरं होतं. ८४ पैकी जवळजवळ प्रत्येक फ्लॅटमध्ये आरओ मशीन होतं. नळाचं पाणी थेट पिणारं तिथे कोणी नव्हतंच, त्यामुळे आपल्या टाकीत काय आहे हे सोसायटीला कळण्याचा मार्गही बंद झाला होता.

मी वॉचमनची मीटर-वही मागितली. पाण्याचा वापर मोजण्यासाठी कमिटी पाणी सुटण्याआधी आणि गेल्यानंतर अशा दोन नोंदी ठेवायची. गेल्या तीस दिवसांपैकी बारा दिवशी पहाटेची नोंद आदल्या सकाळच्या शेवटच्या नोंदीपेक्षा कमी होती, कधी तीनशे लिटरने, कधी सहाशेने. मीटर उलटं फिरलं होतं! वॉचमन प्रामाणिकपणे जे दिसलं ते लिहीत होता, खजिनदार महिन्याच्या बेरजेपलीकडे पाहत नव्हते. बिल थोडं कमी येत होतं, याचं उलट समाधानच होतं.

दहाव्या दिवशी दुपारी दोन वाजता, लाइन रिकामी असताना, दोन्ही बाजूंच्या लोकांना बोलावून एक प्रयोग केला. टीजवळचे दोन्ही व्हॉल्व्ह होते तसेच ठेवले. दोन्ही उघडे होते. एजन्सीचा नवा वॉचमन म्हणाला, 'साहेब, मला तर बटन दाबायचं एवढंच सांगितलंय.' बोअर चालू केली. टाकी भरलेली, त्यामुळे बॉल कॉक (टाकी भरली की पाणी थांबवणारी तरंगती तोटी) बंद. बोअरच्या पाण्याला मोकळी वाट एकच होती, मीटरमधून उलटं रस्त्याकडे. मीटरचा काटा डावीकडे फिरताना सेक्रेटरींनी मोबाइलवर शूटिंग केलं. चार मिनिटांनी गल्लीतल्या पहिल्या नळाला धार आली. टीडीएस ९१०, बोअरइतकाच. एक काकू एवढंच म्हणाल्या, 'म्हणजे आम्ही तुमचं पाणी पीत होतो.'

बोअरमध्ये घाण कुठून आली, तेही त्याच दिवशी दिसलं. बोअरपासून पाच मीटरवर ड्रेनेजचं चेंबर, त्याला तडा. पिण्याच्या पाण्याचा स्रोत मैल्याच्या जागेपासून किमान १५ मीटर लांब हवा, असं आरोग्याच्या पुस्तकांत सांगितलेलं असतं. बोअर फ्लशसाठी म्हणून खणलेली, तेव्हा अंतराचा विचार कोणी केला नव्हता.

नियम काय सांगतात

नियम नव्हते असं नाही. नळजोडाच्या अर्जासोबत बिल्डरने दिलेलं हमीपत्र फाइलमध्ये सापडलं. लाइनीला थेट पंप लावणार नाही, दुसऱ्या कोणत्याही स्रोताचं पाणी नळाच्या पाइपात मिसळणार नाही, टाकीत पाणी वरून पडेल अशी रचना ठेवू, असं त्यात लिहून दिलं होतं. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत प्लंबिंगच्या नवव्या भागात आणि इमारतींतल्या पाणीपुरवठ्याच्या भारतीय मानकात, आयएस २०६५ मध्ये, याच गोष्टी तपशिलाने आहेत. संहिता मुळात शिफारसवजा, स्थानिक नियमावलीने ओढून घेतली की बंधनकारक होते.

अडचण कलमात नाही, तारखेत आहे. हे सगळं नळजोड देताना आणि भोगवटा पत्राच्या वेळी एकदा तपासलं जातं. त्यानंतर इमारत चाळीस-पन्नास वर्षं उभी राहते आणि तिच्या पाइपांत रोज कोणी ना कोणी काहीतरी बदलतं. अमेरिकेतल्या अनेक शहरांत बॅकफ्लो (पाणी उलटं लाइनीत शिरणं) रोखणारी उपकरणं परवानाधारक माणसाकडून दरवर्षी तपासून अहवाल पाणी खात्याला द्यावा लागतो, नाही दिला तर कनेक्शन तोडता येतं. ब्रिटनमध्ये १९९९ च्या नियमांनी पाण्याचे पाच धोका-वर्ग केले आहेत आणि वर्गाप्रमाणे किती भक्कम अडथळा हवा ते ठरतं. सर्वांत वरच्या, मैल्याच्या वर्गाला साधा व्हॉल्व्ह चालत नाही. आपल्याकडे हमीपत्रावर सही होते, मग ते फाइलला लागतं.

गल्लीकडेही बोट दाखवता येत होतं. २२ पैकी नऊ घरांत लाइनीला थेट मोटार होती, तीही हमीपत्राच्या विरुद्धच. सोसायटीच्या बैठकीत चेअरमननी हा मुद्दा जोरात मांडला, 'तेच मोटारी लावून आमच्या टाकीतलं ओढतात.' बचावासाठी काढलेलं हे वाक्य अर्धं खरं ठरणार होतं, पण ते सतरा दिवसांनी कळलं.

तातडीचे निर्णय

पहिला निर्णय कनिष्ठ अभियंत्याचा. सोसायटीचं कनेक्शन तोडायचं की नाही? अधिकार होता. त्याने तोडलं नाही. बोअरची वीज काढून पॅनेलला सील लावलं. ८४ घरं टँकरवर गेली असती आणि टँकरचं पाणी याच टाकीत याच पाइपांतून आलं असतं, हे त्याचं कारण मला पटलं.

दुसरा निर्णय गल्लीला कधी सांगायचं याचा, आणि तो चुकला. ओटी निल आठव्या दिवशी आली. 'पाणी उकळून प्या' ही दवंडी मात्र बाराव्या दिवशी फिरली, कारण वरिष्ठांना आधी प्रयोगशाळेचा अहवाल हवा होता. चार दिवस गेले, त्या चार दिवसांत दोन नवे रुग्ण निघाले. उकळा म्हणायला पुरावा लागत नाही, संशय पुरतो. पुढे अहवाल चांगला आला असता तर गॅसचा थोडा खर्च वाया गेला असता, एवढंच.

सोसायटीपुढेही एक निर्णय होता. काही सभासदांचं म्हणणं होतं की टी गुपचूप काढून टाकावी आणि विषय मिटवावा. 'फ्लॅटच्या किमतीवर परिणाम होईल' हे नेहमीचं वाक्यही आलं. सेक्रेटरींनी ऐकलं नाही. मीटर-वहीच्या झेरॉक्स त्यांनी स्वतः वॉर्ड ऑफिसला दिल्या. त्यांचा हिशेब भावनेचा नव्हता: प्रयोगाचं शूटिंग गल्लीतल्या सहा मोबाइलवरही होतं.

पर्याय

कायमचा उपाय काय, यावर कमिटीच्या दोन बैठका झाल्या. फुकटचा पर्याय म्हणजे बोअरच्या व्हॉल्व्हला कुलूप. त्यावरचा, साधारण अडीच हजारांचा, म्हणजे मीटरनंतर नवा एनआरव्ही. पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. सर्वांत वरचा म्हणजे परदेशात वापरतात तसा दोन झडपांमध्ये दाब कमी ठेवून, बिघडलं तर पाणी बाहेर सोडून देणारा बॅकफ्लो प्रिव्हेंटर. तो मी स्वतःच बाजूला काढला. तो जमिनीवर, बुडणार नाही अशा जागी बसवावा लागतो, दरवर्षी तपासावा लागतो, आणि आमच्या शहरात ती तपासणी करून देणारा माणूस मला माहीत नव्हता. न तपासलेलं महागडं उपकरण म्हणजे महागडी खोटी खात्री.

माझी शिफारस चौथी होती: टी कापून टाकायची, बोअरची लाइन थेट गच्चीवरच्या फ्लश टाक्यांना न्यायची आणि खालच्या टाकीत कॉर्पोरेशनचं पाणी वरून, हवेतून पडू द्यायचं. खर्च अंदाजे अडतीस हजार. प्लंबिंगमध्ये याला हवेची फट म्हणतात. तोटीचं तोंड आणि टाकीतलं पाणी चढू शकेल ती सर्वांत वरची पातळी यांत, तोटीच्या व्यासाच्या किमान दुप्पट अंतर ठेवायचं. दीड इंची पाइपाला म्हणजे ८० मिमीच्या आसपास. पाणी वर उडी मारून पाइपात शिरू शकत नाही, एवढंच यामागचं शास्त्र. गंजायला, अडकायला, कोणी उघडं ठेवायला त्यात काही नसतं.

एक सभासद, स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर, म्हणाले, 'मध्ये व्हॉल्व्ह असताना दोन लाइनी जोडलेल्या असल्या तर बिघडलं कुठे?' मी त्यांना फिनलंडमधल्या नोकिया गावची गोष्ट सांगितली. मोबाइलवाल्या कंपनीला नाव मिळालं तेच गाव. तिथल्या सांडपाणी केंद्रात प्रक्रिया केलेलं सांडपाणी आणि पिण्याचं पाणी यांच्या लाइनी जोडलेल्या होत्या, मध्ये व्हॉल्व्ह होता. नोव्हेंबर २००७ मध्ये देखभालीच्या कामात तो उघडला आणि उघडाच राहिला. सुमारे ४५० घनमीटर सांडपाणी गावच्या नळांत गेलं, आठ हजारांहून अधिक लोक आजारी पडले. शिस्तीच्या देशात, शिकलेल्या कर्मचाऱ्याच्या हातून. आपल्याकडे तर महिन्याला वॉचमन बदलतो.

त्यांनी मान डोलावली आणि एनआरव्हीच्या बाजूने हात वर केला. सात विरुद्ध तीन मतांनी एनआरव्ही आणि कुलूप मंजूर झालं. अडतीस हजार म्हणजे विशेष सर्वसाधारण सभा, सभा म्हणजे आधी नोटीस, आणि पाऊस तोंडावर. माझं मत विरुद्ध नोंदवून घेतलं, यापलीकडे मी जोर लावला नाही. आज वाटतं, लावायला हवा होता.

सतरा दिवसांनी

एनआरव्ही बसला. महापालिकेने गल्लीच्या टोकाचा वॉश-आउट (लाइनीतलं पाणी बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह) उघडून लाइन धुतली. सोसायटीची टाकी उपसून घासली आणि भरून क्लोरीन दिलं. ४०,००० लिटरला ५० मिलिग्रॅम प्रतिलिटर धरलं तर २ किलो क्लोरीन, म्हणजे २५ टक्के ताकदीची ८ किलो ब्लीचिंग पावडर. प्लंबरने आणलेलं पोतं जुनं, ओलसर होतं. ते परत करायला लावलं, कारण पडून राहिलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून जातो आणि हाती नुसता चुना राहतो. क्लोरीनचं पाणी रात्रभर ठेवून टाकून दिलं, नंतर नमुने स्वच्छ आले. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

मीटर-वही मात्र आता सेक्रेटरी रोज पाहत होते. सतराव्या दिवशी त्यांचा फोन आला, 'काल रात्रीत सत्तर लिटर कमी. बोअरला कुलूप आहे, मी स्वतः जाऊन पाहिलं.'

एनआरव्ही उघडला तर झडपेखाली हरभऱ्याएवढा खडा. लाइन धुताना सुटलेला असणार. झडप दोन-तीन मिलिमीटर उघडी. तेवढं पुरलं. पण बोअर बंद असताना पाण्याला उलटं ढकलत कोण होतं? ढकलत कोणी नव्हतं, ओढलं जात होतं. टाकीचं झाकण काढून टॉर्च मारला तेव्हा दिसलं की येणाऱ्या पाइपाला खाली दीड मीटरचा तुकडा जोडला आहे आणि त्याचं तोंड थेट तळाशी, पाण्यात बुडालेलं. टाकी धुताना हा तुकडा सगळ्यांनी पाहिला होता, मीसुद्धा. रिकाम्या टाकीत तो निरुपद्रवी दिसतो.

तो का जोडला, याची गोष्ट तळमजल्यावरच्या एका काकांनी सांगितली. त्यांची बेडरूम टाकीला लागून. पहाटे साडेपाचला पाणी पडायला लागलं की झोपमोड व्हायची. त्यांनी अर्ज दिला, प्लंबरने पाइप खाली नेला, आवाज गेला. आवाज ज्या हवेतून येत होता तीच हवा बॅकफ्लो अडवत होती, हे ना त्यांना ठाऊक होतं ना प्लंबरला. आठला पाणी बंद झालं की गल्लीतले उतारावरचे नळ लाइन रिकामी करतात, नऊ मोटारी उरलंसुरलं खेचतात, आणि बुडालेल्या पाइपातून सोसायटीच्या टाकीतलं पाणी वक्रनलिकेसारखं (सायफनसारखं) मागे ओढलं जातं. चेअरमन बैठकीत म्हणाले होते त्यातलं खरं अर्धं ते हे.

या ओढीचं सर्वांत गाजलेलं उदाहरण १९६९ मधलं आहे. अमेरिकेतल्या वूस्टरच्या होली क्रॉस कॉलेजजवळ आग लागली, बंबांनी हायड्रंटमधून पाणी उपसलं, लाइनीतला दाब पडला आणि फुटबॉल मैदानातल्या जमिनीलगतच्या नळाभोवती साचलेलं दूषित पाणी लाइनीत ओढलं गेलं. खेळाडू आणि प्रशिक्षक मिळून ९७ जणांपैकी ९० जणांना काविळीच्या विषाणूची लागण झाली. तिथे कोणी कसलाही पंप चुकीचा जोडलेला नव्हता.

यावेळी मतदान झालं नाही. विशेष सभेची नोटीस त्याच संध्याकाळी निघाली. सभेची वाट न पाहता बुडालेला तुकडा त्याच दिवशी करवतीने कापला, खर्च शून्य. पंधरवड्याने टी निघाली, तिच्या जागी सलग पाइप आला, बोअर फ्लश टाक्यांकडे वळली आणि चेंबर दुरुस्त झालं. येणाऱ्या पाइपाचं तोंड ओव्हरफ्लोच्या वर १५० मिमी ठेवलं. काकांसाठी पाणी टाकीच्या भिंतीवर तिरकं पडून घरंगळत उतरेल असं तोंड वळवलं, फट न घटवता.

मोटारींचं काय झालं

खात्याच्या एका अधिकाऱ्याला नऊ मोटारी जप्त करायच्या होत्या. नियमाने बरोबर होतं. कनिष्ठ अभियंत्याने आधी दाब मोजला. गल्लीच्या टोकाला पाणी सुटल्यावर पहिला पाऊण तास दाब जेमतेम दोन मीटर (पाणी तेवढंच उंच चढेल इतका), कारण त्याच वेळी वरच्या सगळ्या सोसायट्या टाक्या भरत असतात. मोटार जप्त केली असती तर दुसऱ्या आठवड्यात दुसरी आली असती. त्याऐवजी गल्लीकडचं पाणी अर्धा तास आधी सोडायचं ठरलं. पाच घरांनी मोटारी काढल्या, चौघांनी नाही. चौघांपैकी दोघांकडे पाणी पहिल्या मजल्यावर चढवायचं असतं आणि खाली हौद करायला जागा नाही. या अर्ध्यामुर्ध्या निकालावर मी टीका करू शकत नाही. जप्तीपेक्षा तो बरा होता.

परिणाम

एकूण तेरा रुग्ण, सगळे बरे झाले. हिपॅटायटिस ई काविळीची लक्षणं संसर्गानंतर दोन ते दहा आठवड्यांनीही दिसू शकतात, म्हणून दवाखान्याने ऑगस्टअखेरपर्यंत गल्लीत घरभेटी चालू ठेवल्या. काविळीचा रुग्ण निघाला नाही. पहिल्या धारेचा टीडीएस १२० ते १४० च्या आत राहिला, मीटर पुन्हा उलटं फिरलं नाही. दुपारी येणारं पाणी बंद झालं. त्याबद्दल मात्र गल्लीतून दोन तक्रारी आल्या.

सोसायटीला दंड झाला, आजारी पडलेल्यांचा दवाखान्याचा खर्च कमिटीने वर्गणीतून दिला. तो द्यावा की नाही यावर झालेली सभा रात्री पावणेबारापर्यंत चालली. वकील सभासदांचं म्हणणं, पैसे देणं म्हणजे चूक कबूल करणं. शेवटी एका आजोबांनी विचारलं, 'शूटिंग आहे ना? मग कबूल करायचं काय राहिलंय?'

वेगळं काय करता आलं असतं

नमुना पहिल्या धारेचा घ्यायला हवा होता. अधूनमधून पाणी येणाऱ्या शहरात बॅकफ्लोचा पुरावा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत वाहून जातो आणि कर्मचाऱ्यांची ड्युटी त्यानंतर सुरू होते. आता त्या वॉर्डात तक्रार आली तर पहाटेचा नमुना घेतात, पण ते एका अभियंत्याच्या सवयीमुळे. लेखी आदेश निघालेला नाही.

तक्रार-वहीत 'पाणी खराब' एवढाच रकाना असतो. 'किती वाजता', 'चव कशी', 'वेळ नसताना पाणी येतं का' हे तीन प्रश्न असते तर बायकांनी पहिल्याच दिवशी निदान करून दिलं असतं.

माझ्याकडून दोन गोष्टी राहिल्या. टाकी रिकामी असताना पाइपाचं तोंड कुठे आहे हे मी पाहिलं, पण भरल्यावर ते कुठे असेल याचा विचार केला नाही. आणि पहिल्या बैठकीत मी चार पर्याय एका ओळीत, समान वजनाने मांडले. तसं मांडलं की लोक किंमत बघून निवडतात, त्यात त्यांची चूक नाही. कुलूप आणि एनआरव्ही हे काम होईपर्यंत वेळ काढण्याचे उपाय आहेत, पर्याय नव्हेत, असं स्वच्छ म्हणायला हवं होतं. टी त्याच दिवशी कापून बोअर महिनाभर बंद ठेवता आली असती. फ्लशला तेवढे दिवस कॉर्पोरेशनचं पाणी पुरलं असतं.

मीटर बदलायला किंवा रीडिंग घ्यायला खात्याचा माणूस प्रत्येक इमारतीत जातोच. त्याने टाकीचं झाकण उचलून पाइपाचं तोंड पाण्याच्या वर आहे का आणि मीटरनंतर कुठे टी दिसते का, एवढं पाहिलं तरी पाच मिनिटांत तपासणी होते. कनिष्ठ अभियंत्याने त्या लाइनीवरच्या बोअर असलेल्या सात इमारतींची यादी करून असं सुरू केलं होतं. दोन इमारती झाल्या. दोन्हीकडे पाइप पाण्यात बुडालेला निघाला, एकीकडे टीसुद्धा होती. मग त्याची बदली झाली. उरलेल्या पाच इमारतींची यादी वॉर्ड ऑफिसच्या फाइलमध्ये आहे, तिची एक प्रत माझ्याकडे.

तळमजल्यावरच्या काकांनी मागच्या महिन्यात पुन्हा अर्ज दिला आहे. विषय: पहाटेचा पाण्याचा आवाज.